पहिल्या विजेसाठी रडार, शेवटच्या विजेसाठी दामिनी : मुलुंडच्या मैदानावरून एक परीक्षण

मुलुंड पूर्वेच्या एका शाळेच्या मैदानावर गेली नऊ वर्षे मी संध्याकाळी मुलामुलींचा खो-खोचा सराव घेतो आणि दिवसा एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. ही दोन कामे एकमेकांना जोडली गेली ती वळवाच्या आणि परतीच्या पावसामुळे. मे महिन्याचा शेवट, जूनचे पहिले दिवस आणि पुन्हा सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत दुपारभर अंगाची काहिली होते, साडेचारच्या सुमारास पूर्वेला, कर्जत-बदलापूरच्या अंगाला, ढगांचे डोंगर उभे राहू लागतात, आणि त्याच वेळी साठेक मुले उघड्या मैदानावर असतात. सराव थांबवायचा की अजून पंधरा मिनिटे चालू द्यायचा, हा निर्णय शिट्टी ज्याच्या गळ्यात आहे त्यालाच घ्यावा लागतो. त्या निर्णयासाठी मी ज्या दोन सार्वजनिक सेवा नियमाने वापरतो, त्यांचे हे परीक्षण आहे. एक, भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या मुंबईच्या दोन डॉपलर रडारांच्या प्रतिमा. आणि दुसरी, विजा कुठे पडत आहेत हे दाखवणारे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप. दोन्ही विनामूल्य आहेत आणि माझ्या मते दोन्ही सोबतच वापरायला हवीत.

मुंबईकराला पाऊस म्हटले की पाणी तुंबणे आठवते, लोकल बंद पडणे आठवते; वीज सहसा आठवत नाही. त्याला कारणही आहे. जुलैतल्या भर पावसाळ्यात आपल्याकडे समुद्रावरून येणारे ढग पाण्याने ओथंबलेले असले, तरी त्यांतला बराचसा पाऊस गोठणबिंदूच्या खालच्या थरातच तयार होतो आणि दिवसच्या दिवस गडगडाट ऐकू येत नाही. वीज पडते ती मुख्यतः पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना. देशात विजेने दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे दगावतात आणि त्यांतली बहुतेक शेतात, झाडाखाली, मोकळ्या जागी असतात. शहरातले मैदान ही मोकळी जागाच आहे.

एखाद्या ठिकाणच्या पर्जन्यमापकावर विसंबून का चालत नाही, याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईनेच जगाला दिले आहे. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, तर तिथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास. त्या वेळी मुंबईत डॉपलर रडार नव्हते. कुलाब्याचे रडार २०१० मध्ये बसले आणि अंधेरीजवळच्या वेरावलीच्या टेकडीवरचे दुसरे रडार जानेवारी २०२२ मध्ये कार्यान्वित झाले. गडगडाटी वादळाचा एक गाभा पाच-दहा किलोमीटर रुंदीचा असतो. दोन मापकांच्या मधल्या जागेत तो सहज मावतो. त्याला पाहायचे तर सगळे आकाश दर काही मिनिटांनी चाळून काढणारे यंत्र हवे.

रडार सूक्ष्मलहरींचा झोत सोडते आणि ढगातल्या थेंबांवरून, गारांवरून परत आलेला क्षीण पडसाद मोजते. या पडसादाची ताकद डीबीझेड या एककात सांगतात. ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे, म्हणजे आकडा दहाने वाढला की पडसाद दहापट वाढलेला असतो. वीसच्या आसपास रिमझिम, चाळीसच्या पुढे जोरदार सरी, आणि साठच्या जवळ गेले की गारांची शंका घ्यावी, इतके लक्षात ठेवले तरी रोजच्या कामाला पुरते. संकेतस्थळावर रडारची अनेक चित्रे असतात, पण वादळाचा अभ्यास करणाऱ्याने सर्वांत आधी ‘मॅक्स झेड’ नावाचे चित्र उघडावे असा माझा आग्रह आहे. यात मधल्या मोठ्या चौकोनात प्रत्येक जागेवरचा सर्वाधिक पडसाद वरून पाहिल्यासारखा दिसतो. खरी संपत्ती मात्र त्याच्या दोन कडांना असलेल्या अरुंद पट्ट्यांत आहे. त्या पट्ट्यांत तेच वादळ बाजूने पाहिल्यासारखे, उंचीच्या रेघांसकट उभे असते. बहुतेक लोक मधला नकाशा पाहतात, आपल्या उपनगरावर रंग आहे की नाही एवढे बघतात आणि पान बंद करतात. मीही पहिले वर्षभर तेच करत होतो.

उंची इतकी महत्त्वाची का, हे कळायला वीज तयार कशी होते ते पाहावे लागते. मुंबईवर या दिवसांत सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंश असते आणि साडेसहा-सात किलोमीटरवर उणे दहा. ढगातला वर चढणारा वारा दमदार असेल तर त्या गारठ्यातही पाण्याचे थेंब न गोठता तरंगत राहतात, आणि त्याच थरात मऊ गारांचे दाणे व बारीक हिमस्फटिक एकमेकांवर आपटतात. या टकरींतून विद्युतभार वेगळे होतात. हलके स्फटिक सामान्यतः धनभार घेऊन वर जातात, जड दाणे ऋणभार घेऊन खाली राहतात. म्हणून रडारवर चाळीस डीबीझेडच्या जवळपासचा पडसाद उणे दहा अंशांच्या उंचीपर्यंत पोहोचलेला दिसला, की तिथे मऊ गारांचा भरणा झाला आहे आणि वीज आता काही मिनिटांवर आहे, असा ठोकताळा जगभर वापरला जातो. पहिली वीज कडाडण्याआधी हाताशी मिळणारी ही दहा ते तीस मिनिटे दुसरे कोणतेही साधन इतक्या स्पष्टपणे देत नाही. विजेचा नकाशा तर देऊच शकत नाही, कारण पहिली वीज पडेपर्यंत तो कोराच असतो.

गेल्या ऑक्टोबरमधली एक संध्याकाळ इथे सांगतो. पावणेपाचला बदलापूरच्या डोंगरांवर एक ढग वाढत होता. नकाशावर मोठा दिसत असला तरी कडेच्या पट्टीत त्याचा जोरदार भाग पाच किलोमीटरच्या रेघेखालीच होता. पुढच्या प्रतिमेत त्याच्या अलीकडे, डोंबिवलीच्या आसपास, एक नवा ठिपका उगवला. वरून पाहता तो नखाएवढा होता, पण बाजूच्या पट्टीत त्याचा पिवळा-नारिंगी खांब थेट आठ किलोमीटरपर्यंत गेलेला होता. दामिनीवर त्या भागात एकही वीज नव्हती. आमच्या मैदानावर तर लख्ख ऊन होते. मी शिट्टी वाजवली. खुंटाजवळ उभी असलेली आमची एक धावपटू मुलगी म्हणाली, “सर, पाऊस तर कुठेच नाही!” मी तिला फोनवरचा तो खांब दाखवला आणि सगळ्यांना शाळेच्या व्हरांड्यात नेले. अकरा मिनिटांनी दामिनीवर दिवा स्थानकाच्या बाजूला विजेचा पहिला ठिपका आला. त्यानंतर काही मिनिटांतच मैदानावरची लाल माती उडवत पूर्वेकडून वारा शिरला, कडेला टेकवून ठेवलेला फळा आडवा झाला, आणि मग टपोरे थेंब सुरू झाले.

आता दोन रडारांविषयी, कारण मुलुंडकरांना आणि ठाणेकरांना दोन्ही का पाहावी लागतात हे कुणी समजावून सांगत नाही. वेरावली आमच्यापासून दहाएक किलोमीटरवर आहे. रडारची तबकडी सरळ डोक्यावर पाहत नाही. ती साधारण वीस अंशांपर्यंत मान वर करते असे धरले, तर दहा किलोमीटरवरच्या ढगाचा तिला साडेतीन-चार किलोमीटरपर्यंतचाच भाग दिसेल, आणि ज्या थरात वीज जन्मते तो नेमका तिच्या नजरेच्या वर राहील. कुलाबा आमच्यापासून तेहतीस किलोमीटरवर असल्यामुळे त्याच कोनातून त्याला बारा किलोमीटरपर्यंतचा ढग दिसू शकतो. तेव्हा मुलुंडच्या डोक्यावरच्या वादळाची उंची कुलाब्याला विचारावी. कुलाबा-कफ परेडकरांनी मात्र आपल्या डोक्यावरच्या ढगाबद्दल वेरावलीला विचारावे.

वाऱ्याच्या बाबतीत हेच गणित उलटे होते. डॉपलर तत्त्वाने रडारला फक्त आपल्याकडे येणारा किंवा आपल्यापासून दूर जाणारा वेग कळतो. झोताला आडवा जाणारा वारा त्याच्यासाठी जवळजवळ अदृश्य असतो. ऑक्टोबरातले आमचे वादळ पूर्वेकडून येते. मुलुंड कुलाब्याच्या उत्तर-ईशान्येला असल्यामुळे पूर्वेच्या वाऱ्याचा निम्म्याहून कमी भाग कुलाब्याच्या झोताच्या रेषेत पडतो, आणि ताशी साठ किलोमीटरचा वारा तिथे पंचवीस-तीसचा भासू शकतो. वेरावलीहून पाहिले तर मुलुंड जवळपास सरळ पूर्वेला आहे, म्हणून तोच वारा तिथे बहुतांश पूर्ण वेगाने मोजला जातो. हे त्रिकोणमितीचे उदाहरण मी अकरावीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर सोडवून घेतो, आणि ज्या मुलांना साइन-कोसाइन कशाला शिकायचे असा प्रश्न पडलेला असतो, ती त्या दिवशी घंटा झाली तरी उठत नाहीत.

दोन्ही रडारांच्या काही मर्यादा यंत्राच्या जातीतच आहेत आणि वापरणाऱ्याने त्या ठाऊक करून घ्याव्यात. कुलाब्याचे रडार एस-बँडचे, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर तरंगलांबीचे आहे. वेरावलीचे सी-बँडचे, सुमारे पाच सेंटिमीटरचे. तरंगलांबी जितकी कमी, तितका मुसळधार पाऊस झोताला जास्त गिळतो. त्यामुळे ठाण्यावर पाऊस कोसळत असताना त्याच्या मागे कल्याणवर असलेले वादळ वेरावलीच्या चित्रात प्रत्यक्षाहून दुबळे दिसू शकते. अंतराचाही प्रश्न आहे. अर्ध्या अंशाच्या कोनाने निघालेला झोत पृथ्वीच्या गोलाईमुळे शंभर किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर उंच असतो आणि अडीचशे किलोमीटरवर जवळपास सहा. नाशिकपलीकडच्या पावसाबद्दल मुंबईच्या रडारवरून ठाम बोलू नये. सह्याद्रीचे कडे आणि शहरातले उंच मनोरे यांचे पडसाद चित्रात कायम एकाच जागी बसलेले दिसतात. प्रतिमा चालती करून पाहिली की जे हलत नाही ते ढग नसते, हे लगेच समजते. प्रतिमेवरची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असेल तर तिच्यात साडेपाच तास मिळवायचे असतात. हा हिशेब सुरुवातीला चुकतो आणि जुने चित्र ताजे समजले जाते, म्हणून आमच्या साहित्याच्या पेटीच्या झाकणावर मी तो खडूने लिहूनच ठेवला आहे.

दामिनीकडे वळतो. तिच्यामागे देशभर पसरलेल्या ऐंशीहून अधिक संवेदकांचे जाळे आहे. वीज चमकली की प्रकाशाबरोबर रेडिओलहरीही निघतात, आणि निरनिराळ्या ठिकाणच्या संवेदकांवर त्या किंचित मागेपुढे पोहोचतात. या वेळांतल्या फरकावरून वीज कुठे पडली हे काढले जाते. मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, लहर तीनशे मीटर जाते, यावरून घड्याळे किती काटेकोर लागत असतील याची कल्पना यावी. ॲप उघडले की आपल्या जागेभोवती वर्तुळे दिसतात आणि गेल्या पाच, दहा व पंधरा मिनिटांतल्या विजा वेगवेगळ्या रंगांच्या ठिपक्यांनी दाखवल्या जातात. सूचना मराठीतही मिळते, आणि याचे मोल मला फार वाटते. आमच्या मैदानाच्या राखणदार काकांनी माझ्याआधी फोन पाहून “सर, ठाण्याच्या बाजूला सुरू झालं बघा,” असे सांगितल्याचे प्रसंग आहेत.

ठिपके आहेत की नाहीत एवढेच पाहणे म्हणजे दामिनीचा अर्धाच उपयोग करणे होय. ठिपके किती झपाट्याने वाढतात, हे मोजावे. ढगातल्या ढगात चमकणाऱ्या आणि जमिनीवर पडणाऱ्या अशा सगळ्या विजांचे मिनिटागणिक प्रमाण अचानक उसळले, तर त्याचा अर्थ वर चढणारा वारा जोर धरतो आहे असा होतो, आणि त्यानंतर काही मिनिटांनी गारा किंवा विध्वंसक वारा खाली येण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९९ च्या सुमारास ही उसळी वर्णन केली आणि पुढे तिचे संख्याशास्त्रीय निकषही बसवले. अलीकडच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी (आकडे सरासरीभोवती किती विखुरतात त्याचे माप) अधिक वाढ झाली की उसळी मानायची, हा त्यांतला सर्वांत परिचित निकष. आमचे बारावीचे विद्यार्थी हे वहीत करतात: डावीकडे वेळ, मधे मॅक्स झेडवर चाळीस डीबीझेडने गाठलेली उंची, उजवीकडे वर्तुळातले ताजे ठिपके. डोळ्यांनी मोजलेले आकडे शास्त्रीय नियतकालिकात छापण्याच्या दर्जाचे नाहीत, पण उंची आधी वाढते, ठिपके मागून येतात आणि वारा त्याच्याही मागून, हा क्रम त्या वहीच्या पानापानावर दिसतो.

वाऱ्याचा हा धोका मुंबईला आता वेगळा सांगावा लागत नाही. १३ मे २०२४ च्या धुळीच्या वादळात घाटकोपरच्या छेडा नगरजवळ महाकाय जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा जीव गेला. घाटकोपर आमच्यापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. वादळातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि पावसाच्या कितीतरी पुढे धावते. पाऊस नाही म्हणजे धोका नाही, हे समीकरण तिथेच खोटे ठरते.

या दोन सेवांकडे मी वळलो त्यामागे एक वाईट अनुभव आहे. त्याआधी मी एका खासगी कंपनीचे वर्गणीचे ॲप वापरत होतो. त्यातला ‘रडार’ नावाचा नकाशा अतिशय देखणा होता. रंग लोण्यासारखे सरकत आणि पुढच्या दोन तासांचा पाऊसही दिसे. जूनमधल्या एका संध्याकाळी त्या नकाशावर मुलुंड कोरडे होते आणि विजेची शक्यता अगदी कमी दाखवली होती. सराव चालू असताना मैदानाच्या कुंपणापलीकडच्या नारळावर वीज पडली. शेंडा पेटला, दोन मुली आवाजाने जमिनीवर बसल्या, कुणाला इजा झाली नाही. त्या रात्री ॲपमधला बारीक अक्षरांतला मजकूर वाचल्यावर लक्षात आले, की आपल्या भागातला तो नकाशा उपग्रहाच्या प्रतिमा आणि संगणकीय प्रतिमान यांवरून अंदाजाने रंगवलेला होता. अशा अंदाजाला त्याचे स्थान आहे. सहलीचा दिवस ठरवायला तो चालेल. पण ज्या नकाशावर मुलांच्या जिवाचा निर्णय घ्यायचा, तो प्रत्यक्ष मोजणीचा आहे की अनुमानाचा, हे ठळकपणे लिहिलेले असले पाहिजे. पैसे देऊन कोणतेही हवामान ॲप घेणाऱ्याने हा एक प्रश्न आधी विचारावा.

रडार जिथे थकते तिथे दामिनी कामाला येते, आणि ती जागा म्हणजे वादळाचा शेवट. गाभा पुढे अरबी समुद्राकडे सरकतो, पाऊस भुरभुर होतो, मॅक्स झेडवर पंचवीस-तीसचा फिकट पट्टा उरतो आणि मुले खेळायला अधीर होतात. पण मागे पसरलेल्या त्या थरातही विद्युतभार शिल्लक असतो आणि वीज पावसाच्या हद्दीबाहेर दहा किलोमीटरवरही पडू शकते. म्हणून शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून तीस मिनिटे बाहेर पडायचे नाही, असा जगभरचा नियम आहे. त्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी सहा वाजता पाऊस थांबला होता. सहा वाजून बारा मिनिटांनी पवईच्या बाजूला एक एकटा ताजा ठिपका उमटला, आणि आवाजही आला. आम्ही घड्याळ पुन्हा शून्यावर आणले. व्हरांड्यात मुले ओळीने बसून ठिपक्याचा रंग बदलताना पाहत होती: ताजा, मग दहा मिनिटांचा, मग पंधरा मिनिटांचा, मग नाहीसा. पावणेसात वाजता पालक छत्र्या घेऊन फाटकाशी आले, तेव्हा मी त्यांना मुले नेऊ दिली.